शस्त्रक्रियेनंतर दृष्टी सुधारली, म्हणजे शस्त्रक्रियेमुळे सुधारली का? डोळ्यांच्या उपचारांवरचं संशोधन

अनुजा_र

वैद्यकीय चाचण्यांची आकडेवारी तपासणं हे माझं काम. डोळ्यांच्या उपचारांबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरं बहुतेक "अमक्यांनी करून घेतलं, छान दिसतंय" अशी असतात. अनुभव मोलाचाच, पण डोळ्यांच्या बाबतीत तो किती चकवू शकतो याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. धाग्याची सुरुवात त्यानेच करते.

दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक कमी पडून एका डोळ्याची नजर अधू होते, असा एक आजार आहे. बहुतेक पन्नाशी उलटलेल्यांना होतो, दुखतखुपत काही नाही, पुष्कळदा सकाळी उठल्यावरच लक्षात येतं. यात गेलेली नजर परत येत नाही असाच समज होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही सर्जननी या नसेच्या आवरणाला बारीक चिरा देऊन भोवतीचा द्रव मोकळा करायला सुरुवात केली. काही रुग्णांना नंतर बरंच दिसू लागलं. तसे लेख छापून आले आणि शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली. पसरणारच. समोरचा माणूस नजर गमावून बसलाय आणि डॉक्टरकडे द्यायला दुसरं काहीच नाही.

मग अमेरिकेत सरकारी निधीतून चाचणी झाली. २४४ रुग्ण. कोणावर शस्त्रक्रिया करायची आणि कोणावर नुसतं लक्ष ठेवायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं निव्वळ योगायोगावर सोडलं. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३२.६ टक्के लोक तक्त्यावरच्या तीन किंवा अधिक ओळी जास्त वाचू शकत होते. एवढाच आकडा पाहिला तर कुणीही म्हणेल, शस्त्रक्रिया गुणकारी आहे. पण ज्यांच्या डोळ्याला हातही लावला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ४२.७ टक्के निघालं! आणि तीन किंवा अधिक ओळी गमावलेले शस्त्रक्रियेच्या गटात २३.९ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के. आजार काही जणांत आपोआप सुधारत होता आणि त्याचं श्रेय शस्त्रक्रियेला मिळत होतं. नवे रुग्ण घेणं मध्येच थांबवण्यात आलं, १९९५ मध्ये निष्कर्ष छापले गेले आणि या आजारासाठीची ती शस्त्रक्रिया मागे पडली.

त्या सर्जननी खोटं काही सांगितलं नव्हतं. रुग्ण सुधारताना त्यांनी स्वतः पाहिले होते. काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, हे मात्र पाहायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

डोळ्यांत ही फसगत जास्त होते असं माझं मत आहे. माणूस सगळ्यात वाईट दिसत असताना डॉक्टरकडे जातो, त्यामुळे पुढच्या वेळी थोडं बरं निघण्याचीच शक्यता अधिक. तक्ता वाचणंही सरावाने सुधारतं. कोणी आपुलकीने "अजून बघा, लागतंय का" म्हटलं की एखादी ओळ जास्त वाचली जाते. म्हणून चांगल्या चाचणीत तक्ता वाचून घेणाऱ्यालासुद्धा कोणावर कोणता उपचार झालाय ते कळू देत नाहीत.

इथे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, उपचार घेतलेले लोक आहेत. कुठल्या उपचाराच्या मागे असा भक्कम पुरावा आहे आणि कुठल्या नाही, यावर बोलूया.

दिगंत

फार वेळेवर धागा आला. वडिलांना मोतीबिंदूसाठी लेसरची, "ब्लेडविरहित" शस्त्रक्रिया सुचवली आहे. साध्या फेकोपेक्षा, म्हणजे कंपनांच्या नळीने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्यापेक्षा, ती खरोखर सरस आहे का? आणि एक शंका: गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, पण शस्त्रक्रियेत रुग्णापासून लपवणार कसं? त्याला कळणारच ना काय केलं ते?

नेत्रपल्लवी

अनुजाताई, धागा आवडला. मी नेत्रतज्ज्ञ आहे, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या शस्त्रक्रिया जास्त करते.

दिगंत, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच चाचणीत आहे. फ्रान्समध्ये पाच रुग्णालयांनी मिळून लेसर आणि साधी फेको यांची तुलना केली, २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ज्यांना साधी फेको करायची होती त्यांनाही लेसर यंत्राखाली झोपवलं आणि लेसरचं नुसतं नाटक केलं. यंत्र तेच, पण किरण सोडले नाहीत. त्यामुळे रुग्णांना आपला गट कळला नाही. यशाची व्याख्या फार कडक होती. गंभीर गुंतागुंत नको, चष्म्यासह पूर्ण नजर हवी, नंबर ठरवलेल्याच्या अगदी जवळ हवा आणि पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, आकारही फारसा बदललेला नको. या चारही अटी पुऱ्या करणारे डोळे लेसर गटात ४१.१ टक्के आणि साध्या फेकोत ४३.६ टक्के. आकडे कमी दिसतात ते या अटींमुळे, शस्त्रक्रिया फसल्या म्हणून नव्हे. त्याच वर्षी ब्रिटनमधली ७८५ रुग्णांची चाचणीही छापून आली. तिथेही लेसर साध्या पद्धतीइतकीच ठरली, वरचढ नाही.

लेसर नेमकं काय करतं तेही सांगते, कारण "लेसरने मोतीबिंदू काढला" असं लोक म्हणतात. लेसर छेद देतं, भिंगाच्या पिशवीला गोल तोंड पाडतं आणि भिंगाचे तुकडे करतं. ते तुकडे शोषून घ्यायला पुढे श्राव्यातीत कंपनांची फेकोची नळी लागतेच, आणि कृत्रिम भिंग हातानेच बसवावं लागतं. पिशवीचं तोंड लेसरने अधिक नेटकं गोल येतं, हे खरं आहे. त्या नेटकेपणाचा रुग्णाच्या नजरेत फरक दिसला का, एवढाच प्रश्न होता. मोठ्या चाचण्यांत दिसला नाही.

वडिलांच्या डॉक्टरांना विचारा की त्यांच्याच डोळ्यासाठी लेसर सुचवण्यामागे खास कारण आहे का. काही डोळ्यांत असू शकतं. कारण सांगता आलं नाही तर साधी फेको निर्धास्त करून घ्या.

चकमक

+१. यात हाताने करायची लहान छेदाची पद्धतही यायला हवी. फेको यंत्राशिवाय, बिनटाक्याची. नेपाळमध्ये १०८ रुग्णांवर तुलना झाली होती, २००७ मध्ये छापली. नेपाळचे डॉ. संदुक रुइत हाताने करत होते आणि अमेरिकेचे डॉ. डेव्हिड चँग फेको करत होते, म्हणजे दोन्ही बाजूंना आपापल्या पद्धतीतले वाकबगार लोक. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ९८ टक्के रुग्णांची चष्म्यासह नजर चांगली होती. हाताच्या पद्धतीला सरासरी ९ मिनिटं लागली, फेकोला साडेपंधरा.

एखाद्याला "फेको नाही, हाताने केली" असं कळलं की घरचे हळहळतात. त्यांना हे जरूर सांगावं.

सुधन्वा

थोडा वेगळा सूर लावतो. अशा चाचण्यांवर इतका भर द्यायला माझा विरोध आहे.

हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे कण गेले होते आणि डोळा ते सहन करतोय हे त्यांनी पाहिलं होतं. निरीक्षण आणि धाडस, एवढंच भांडवल. त्यांच्या पहिल्या रुग्णाला नंतर प्रचंड उणे नंबर आला, मोठमोठ्या तज्ज्ञांनी विरोध केला, अमेरिकेत नियामकाची मंजुरी मिळायला १९८१ उजाडलं. १९६७ मध्ये चार्ल्स केलमननी दातांची कीटं काढायच्या यंत्रावरून फेकोची कल्पना उचलली, त्यांनाही हेच भोगावं लागलं. या दोघांना आधी चाचणी करा म्हणून अडवलं असतं तर आज आपण जाड भिंगांचे चष्मे लावून बसलो असतो.

दुसरं, चाचणी सरासरी सांगते. सर्जनचा हात सरासरी नसतो. आणि चाचणी पुरी होईतो तंत्र पुढे गेलेलं असतं.

अनुजा_र

सुधन्वा, मुद्दे रास्त आहेत, पहिल्याशी तर मी बरीचशी सहमत आहे. परिणाम फार मोठा असेल तर चाचणीची गरजच पडत नाही. गढूळ भिंग काढल्यावर माणसाला दिसतं, याला कोणी चिठ्ठ्या टाकत नाही. चाचणी लागते ती फरक लहान असतो तेव्हा, किंवा आजार आपला आपण सुधारतो-बिघडतो तेव्हा, किंवा नुकसान उशिरा उमटतं तेव्हा.

उशिरा उमटणाऱ्या नुकसानाचंच घ्या. चष्म्याचा उणे नंबर घालवण्यासाठी पारपटलावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत १९८० च्या दशकात जोरात होती. दुसऱ्या दिवशी चष्म्याशिवाय दिसायचं, लोक आनंदाने रडायचे. अमेरिकेत त्या रुग्णांचा १० वर्षं पाठपुरावा केला तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर अधिकच्या दिशेने एक किंवा त्याहून जास्त सरकलेला आढळला. पारपटल हळूहळू चपटं होतच राहिलं होतं. तिशीत चष्मा गेलेला माणूस पुढे जवळचं-लांबचं दोन्हीला चष्मा शोधू लागला. हे कळायला कोणाचा कुशल हात किंवा तीक्ष्ण निरीक्षण पुरलं नसतं. त्यासाठी दहा वर्षं त्याच लोकांना पुन्हा पुन्हा बोलावून मोजमाप घेत राहावं लागलं.

सर्जनच्या हाताबद्दल: नेपाळच्या चाचणीत दोन्ही पद्धती त्या-त्या पद्धतीतल्या निष्णाताकडेच दिल्या, ती तोड चांगली आहे. सगळ्याच चाचण्यांत असं करत नाहीत, करायला हवं.

शरयू

मला भीती शस्त्रक्रियेनंतर पू होण्याची वाटते. एका नातेवाईकांचा डोळा त्यातच गेला. त्यावर काही सिद्ध झालेलं आहे का?

नेत्रपल्लवी

हो, आणि ते फार समाधानकारक संशोधन आहे. युरोपातल्या नऊ देशांत सुमारे १६ हजार रुग्णांवर चाचणी झाली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया संपताना सेफ्युरोक्झिम हे प्रतिजैविक एक मिलिग्रॅम इतकं डोळ्याच्या आत सोडायचं किंवा नाही सोडायचं. न सोडलेल्यांत जंतुसंसर्गाचा धोका जवळपास पाचपट निघाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी २००६ मध्येच आवरती घेतली. नंतर अरविंद नेत्र रुग्णालयांनी मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक वापरून सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद तपासली, तिथेही संसर्ग ठळकपणे कमी झालेला दिसला. ती मात्र चिठ्ठ्यांची चाचणी नव्हे, आधीचे आणि नंतरचे रुग्ण यांची तुलना आहे. पण संख्या एवढी मोठी आणि परिणाम युरोपच्या चाचणीशी जुळणारा, त्यामुळे माझा त्यावर विश्वास आहे.

शस्त्रक्रियेआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक सोडतात, तेही तितकंच महत्त्वाचं. ते चुरचुरतं म्हणून नको म्हणू नका.

निवृत्त_मास्तर

काचबिंदूचा रुग्ण आहे. रोज रात्री थेंब घालतो. डॉक्टरांनी आता लेसरचा पर्याय दिला आहे. थेंब चालू असताना, डोळ्याचा दाब ताब्यात असताना लेसर कशासाठी, असा प्रश्न पडला आहे. आतापर्यंत लेसर म्हणजे थेंब हरल्यावरचा उपाय असेच ऐकत आलो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अनुजा_र

मास्तर, उघड्या कोनाच्या काचबिंदूत (कोन म्हणजे डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होण्याची जागा) आणि नुसता दाब वाढलेल्यांत नेमका हाच प्रश्न ब्रिटनमधल्या एका चाचणीने विचारला होता. ७१८ नवे रुग्ण, ज्यांनी अजून कोणताच उपचार घेतला नव्हता. अर्ध्यांना आधी थेंब, अर्ध्यांना आधी लेसर. २०१९ मध्ये तीन वर्षांचे निष्कर्ष आले. लेसर गटातल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना एकही थेंब न घालता दाब ठरवलेल्या मर्यादेत राखता आला. काचबिंदूची मोठी शस्त्रक्रिया थेंबांच्या गटात ११ जणांवर करावी लागली, लेसर गटात तोवर एकावरही नाही. सहा वर्षांनंतरही लेसर गटातले जवळपास ७० टक्के थेंबांविना होते. २०२२ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत लेसर हा पहिला उपाय म्हणून आला.

आता तुमच्यापुरतं पाहायचं तर एक फरक आहे. ते सगळे नवे रुग्ण होते, तुमचे थेंब आधीपासून चालू आहेत. त्यामुळे ते टक्के जसेच्या तसे तुम्हाला लावता येणार नाहीत. कोन उघडा आहे की अरुंद, हेही विचारा. अरुंद कोनाचं संशोधन पूर्ण वेगळं आहे.

नेत्रपल्लवी

अरुंद कोनाचा विषय निघालाच आहे तर चीनमधल्या ग्वांगझूची चाचणी सांगते, तिची रचना मला फार सुंदर वाटते. कोन अरुंद आहे पण अजून आजार नाही, असे ८८९ लोक घेतले. प्रत्येकाच्या एका डोळ्याच्या बुबुळाला लेसरने छिद्र पाडलं आणि दुसरा डोळा तसाच ठेवला. वय, साखर, रक्तदाब, अनुवंश सगळं आपोआप सारखं, कारण दोन्ही डोळे एकाच माणसाचे! सहा वर्षांत लेसर केलेल्या १९ डोळ्यांत आणि न केलेल्या ३६ डोळ्यांत पुढचा बिघाड झाला. धोका निम्म्यावर आला, असं म्हणता येईल. पण न केलेल्या ८८९ पैकी फक्त ३६! म्हणून सरसकट प्रत्येकाला छिद्र पाडण्याची गरज नाही, असा निष्कर्ष त्यांनीच काढला.

"धोका निम्मा होतो" असं कोणी सांगितलं की निम्मा म्हणजे कशाचा निम्मा, हे विचारायची सवय लावून घ्या. मी विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देते.

मास्तर, थेंब नियमित घालताय हे उत्तम. लेसर करायचं ठरलं तरी थेंब स्वतःहून बंद करू नका, दाब तपासल्यावर डॉक्टरच सांगतील.

चकमक

डोळ्यात घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल लिहितो, आईची चालू आहेत. वयोमानाने मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, झिजून तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा, म्हणजे 'ओला' प्रकार. आतड्याच्या कर्करोगासाठी बनवलेलं बेव्हासिझुमॅब डॉक्टर डोळ्यासाठी वापरू लागले, आणि खास डोळ्यासाठी मंजूर झालेलं रॅनिबिझुमॅब किमतीने कितीतरी पट महाग. स्वस्त औषध तितकंच चांगलं आहे का, हे तपासण्यात कंपनीला काय रस असणार? ती चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने सरकारी पैशातून केली. २०११ मध्ये निकाल लागला. दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांची नजर वर्षअखेर स्वस्त औषधाने सरासरी ८ अक्षरं, महागड्याने ८.५ अक्षरं सुधारली. फरक नाहीच म्हणायचा.

मात्र त्याच रुग्णांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा सुरुवातीला कमावलेली नजर सरासरीने हातची गेली होती. तरीही निम्म्या लोकांची नजर चांगली टिकून होती. या इंजेक्शनांच्या आधीच्या काळात असं होत नसे. आईला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. इंजेक्शन चुकवायचं नाही हे तिने स्वतःच ठरवलं.

दिगंत

आणि 'सुक्या' प्रकाराची नवी इंजेक्शनं? वर्तमानपत्रात वाचलं होतं.

नेत्रपल्लवी

यात फार जपून वाचायला हवं. सुक्या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यात पडद्याचा एक भाग विरत जातो आणि तो चट्टा वाढत राहतो. २०२३ मध्ये अमेरिकेत दोन औषधं मंजूर झाली, पेग्सेटाकोप्लान आणि अव्हासिनकॅप्टाड. चाचण्यांत त्यांनी चट्ट्याच्या वाढीचा वेग कमी केला, हे प्रतिमांवर मोजून दिसलं. पण पेग्सेटाकोप्लानच्या चाचण्यांत दोन वर्षांनीही उपचार घेतलेल्यांना न घेतलेल्यांपेक्षा जास्त वाचता येत होतं असं दिसलं नाही. म्हणून युरोपच्या नियामकाने २०२४ मध्ये ते नाकारलं. कागदपत्रं साधारण तीच, निर्णय उलटे, कारण एकाने चट्टा पाहिला आणि दुसऱ्याने माणसाला काय दिसतंय ते पाहिलं.

माझ्या रुग्णांना मी दोन्ही बाजू सांगते आणि "यामुळे तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त दिसणार नाही" हे अगदी स्वच्छ शब्दांत सांगते. ते ऐकूनही काही जण औषध घ्यायचं ठरवतात. पुढे चट्टा मधोमध सरकायला उशीर झाला तर हवाच आहे, हा त्यांचा विचार मला चुकीचा वाटत नाही.

शरयू

लेकीचा नंबर दरवर्षी वाढतोय. अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब सुचवले आहेत. एका ठिकाणी वाचलं की फार उपयोगी, दुसरीकडे वाचलं की काहीच उपयोग नाही. दोन्हीकडे चाचणीचाच हवाला! मग आम्ही काय समजायचं?

अनुजा_र

शरयू, दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत. हाँगकाँगमध्ये ४ ते १२ वर्षांच्या ४३८ मुलांवर तीन तीव्रतांचे थेंब आणि औषध नसलेले थेंब अशी तुलना झाली. वर्षभरात नंबर वाढला तो औषधाविना ०.८१, ०.०१ टक्के थेंबांनी ०.५९, ०.०२५ टक्क्यांनी ०.४६ आणि ०.०५ टक्क्यांनी ०.२७. तीव्रता वाढेल तसा परिणाम वाढला, अशी पायरीपायरीची चढण दिसली की औषध खरंच काम करतंय असं मानायला बळ मिळतं. उलट २०२३ मध्ये अमेरिकेत १८७ मुलांवरची चाचणी आली, तीत ०.०१ टक्के थेंब आणि औषधाविना थेंब यांत दोन वर्षांत फरकच आढळला नाही.

नीट पाहिलं तर अमेरिकेच्या चाचणीत फक्त सगळ्यात सौम्य थेंब होते, आणि हाँगकाँगमध्येही तेच सगळ्यात दुबळे ठरले होते. मुलं कोणत्या वंशाची, नंबर किती वेगाने वाढणारा, यांतही फरक आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न "अ‍ॅट्रोपिन चालतं का" यापेक्षा "किती टक्क्यांचं" असा हवा.

नेत्रपल्लवी

जोड देते. थेंब बंद केल्यावर नंबर उसळी मारतो का, हे आधीच्या सिंगापूरच्या चाचणीत पाहिलं होतं. जितकं तीव्र औषध तितकी उसळी जास्त. म्हणून सुरू करतानाच कधी आणि कसं थांबवायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठेवा. आणि नुसता नंबर पुरेसा नाही, नेत्रगोलाची लांबीही दर वेळी मोजून घ्या.

बाहेर खेळण्याबद्दलही पुरावा आहे. ग्वांगझूच्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर घालवायला लावली. तीन वर्षांत नव्याने उणे नंबर लागलेली मुलं तिथे ३०.४ टक्के, इतर शाळांत ३९.५ टक्के. आधीच लागलेल्या नंबरला याचा किती उपयोग होतो हा वेगळा प्रश्न, पण धाकटं भावंड असेल तर त्याला आत्ताच उजेडात खेळायला पाठवा.

परिचारिका_निवृत्त

नवजात अतिदक्षता विभागात अनेक वर्षं काम केलं. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिते.

१९४० च्या दशकात अशी बाळं वाचू लागली आणि त्यांतली पुष्कळ आंधळी होऊ लागली. नवनवी कारणं सुचवली गेली. संशय भरपूर प्राणवायूवर गेला, तरी डॉक्टर-परिचारिकांना तो कमी करणं जिवावर यायचं, कारण प्राणवायूने बाळ गुलाबी दिसतं. शेवटी १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि जास्त प्राणवायू हेच कारण असल्याचं दाखवलं. मग सगळीकडे प्राणवायू आखडला. अंधत्व घटलं, पण पुढे लक्षात आलं की प्राणवायूअभावी बाळं दगावतही होती.

हा तिढा अगदी अलीकडेपर्यंत सुटला नव्हता. २०१० मध्ये एका मोठ्या चाचणीत रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण थोडं कमी आणि थोडं जास्त राखून तुलना केली. कमी राखलेल्या गटात वाचलेल्या बाळांपैकी ८.६ टक्क्यांना पडद्याचा गंभीर आजार झाला, जास्त राखलेल्या गटात १७.९ टक्क्यांना. डोळ्यांच्या डॉक्टरने एवढंच वाचलं तर तो कमी प्राणवायूच निवडेल. पण कमीच्या गटात १९.९ टक्के बाळं दगावली आणि जास्तच्या गटात १६.२ टक्के.

डोळ्याच्या चाचणीत फक्त डोळा मोजून चालत नाही, हे मी नव्या मुलींना नेहमी सांगत असे. यंत्राचा काटा दाखवलेल्या मर्यादेबाहेर जराही जाऊ देऊ नका, असा आमचा दंडक त्यातूनच आला होता.

नेत्रपल्लवी

ताई, हा प्रतिसाद जपून ठेवते आहे.

सुधन्वा

मनापासून वाचलं, ताई.

अनुजा, १० वर्षांच्या पाठपुराव्याचा तुमचा मुद्दा मान्य. पण माझा आक्षेप अजून पुरता फिटलेला नाही. पडदा सरकल्यावरचं घ्या. टोरोंटोत १७६ रुग्णांवर तुलना झाली. एका गटात डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून पडदा बसवायचा, दुसऱ्यात व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. पहिल्याच प्रयत्नात पडदा बसला तो बुडबुड्याने ८०.८ टक्के, व्हिट्रेक्टॉमीने ९३.२ टक्के. पण वर्षाने नजर बुडबुडावाल्यांची सरासरी पाच अक्षरांनी चांगली, आणि वाकडंतिकडं दिसण्याची तक्रारही कमी. यातून रुग्णाने काय ठरवायचं? चाचणी चोख आहे, तरी उत्तर देत नाही.

नेत्रपल्लवी

सुधन्वा, ही चाचणी माझ्या रोजच्या कामातली. तुम्ही म्हणता तसा पेच आहेच, पण दोन गोष्टी राहिल्या. बुडबुड्याने न बसलेला पडदा पुढच्या शस्त्रक्रियेने बसवला, आणि वर्षअखेर दोन्ही गटांत तो जवळपास ९९ टक्के लोकांचा बसलेला होता. शिवाय सगळे रुग्ण या चाचणीत नव्हते. फाटलेली जागा पडद्याच्या वरच्या भागात आणि मर्यादित आकाराची असेल तेच घेतले होते. खाली फाटलेल्या रुग्णाला ही चाचणी लागूच नाही.

ज्यांना लागू आहे त्यांच्याशी मी असं बोलते: बुडबुडा घेतलात तर पाचांपैकी एकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागते, मान सांगितलेल्या कोनात ठेवावी लागते, पण नजर थोडी चांगली मिळण्याची शक्यता आहे. व्हिट्रेक्टॉमीत एका फेरीत काम होण्याची शक्यता जास्त, आणि मोतीबिंदू लवकर वाढण्याचीही. कोणी म्हणतं पुन्हा टेबलावर जायची माझी तयारी नाही. एका चित्रकाराने रेषा सरळ दिसल्या पाहिजेत म्हणून बुडबुडाच मागितला. आकडे एकच असून दोघांचे निर्णय वेगळे झाले, आणि मला दोन्ही पटले.

निवृत्त_मास्तर

सर्वांचे आभार. कोन उघडा असल्याचे डॉक्टरांनी आज सांगितले. लेसर करून घेण्याचे ठरवत आहे. त्यांच्याच रुग्णालयात काचबिंदूच्या नव्या थेंबांची चाचणी सुरू आहे, त्यात नाव द्याल का असेही विचारले. नाव द्यावे का?

अनुजा_र

मास्तर, तो निर्णय तुमचा. पण सही करण्याआधी संमतिपत्र घरी आणून सावकाश वाचा आणि एवढं नक्की विचारा: नवा थेंब कशाशी ताडून पाहणार आहेत, सध्याच्या औषधाशी की औषध नसलेल्या थेंबांशी? त्यासाठी तुमचे आत्ताचे थेंब काही आठवडे बंद ठेवावे लागणार का? काचबिंदूच्या चाचण्यांत बरेचदा तसं करतात, आणि तुमच्या नसेची अवस्था पाहता ते चालेल का हे तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगायला हवं. दाब वाढला तर कोण आणि किती तासांत बघणार? मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला असतोच, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. लेसर आधी केलं तर बहुधा या चाचणीसाठी तुम्ही पात्रच ठरणार नाही, म्हणून आधी कुठलं, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.